उजव्या सीटवरून पाहिलेलं धुकं

अबुधाबीहून परत आल्यापासून भेटेल तो विचारतो, काय काय बघितलंत. मी सांगतो, धुकं बघितलं. समोरचा हसतो. त्याला वाटतं, म्हातारा चेष्टा करतोय. ऊन, उंट, सोनं आणि मान मोडेपर्यंत उंच इमारती, एवढंच तिकडे असतं हे आमच्या सावंतवाडीत सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे. महिन्याभरापूर्वी मलाही ठाऊक होतं. म्हणून हे लिहायला बसलो. जे गेलेले नाहीत त्यांच्यासाठी तर लिहितोच, पण जे जाऊन नुसते मॉल बघून आलेत त्यांनीही वाचायला हरकत नाही.

आधी माझी ओळख करून द्यायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. सावंतवाडीहून पहाटे पाचला सुटणारी कोल्हापूरची खासगी बस मी सत्तावीस वर्षं चालवली. रस्ता आंबोली घाटाचा. पावसाळ्यात तिथे धुकं असं उतरतं की बसच्या नाकापुढचा माणूस दिसत नाही. बसमध्ये निम्मे लोक कोल्हापूरच्या दवाखान्यात निघालेले. सत्तावीस वर्षांत एकही अपघात नाही. हे मी लग्नाच्या मांडवात, बारशाला, न्हाव्याच्या खुर्चीत, सगळीकडे सांगत आलो. भीती हा शब्द मला माहीत नाही, हेही त्याला जोडून सांगायचो. या दुसऱ्या वाक्याबद्दल पुढे लिहायचं आहे.

अल रीम, पहिला आठवडा

अबुधाबीच्या विमानतळावर कस्टमवाल्याने माझी बॅग उघडली. आमसुलं, कुळथाचं पीठ, फणसपोळी, हे सगळं त्याने बाजूला सारलं आणि पिवळ्या जिलेटीनच्या कागदाची गुंडाळी वर काढून दिव्यासमोर धरली. ही कशाला, म्हणून विचारलं. मी म्हटलं, बत्ती के लिए. त्याने विचारलं, दिवाली? जानेवारीत कसली दिवाळी, पण मी मान हलवली. बाहेर मानसीनेही तेच विचारलं. तिला वाटलं, नातीच्या आकाशकंदिलासाठी आणलाय. मी तिलाही हो म्हटलं. खरं कारण मी योग्य वेळी सांगणार होतो.

मानसी माझी एकुलती मुलगी. जावई अमेयराव बँकेत आहेत, पुण्याचे, स्वभावाने अतिशय सज्जन. नात इरा सात वर्षांची. मी मराठीत विचारावं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यावं, असा आमचा संवाद महिनाभर चालला आणि दोघांचंही काही अडलं नाही. घर अल रीम बेटावर, एकोणिसाव्या मजल्यावर. घरची मंडळी, म्हणजे मानसीची आई, सुपारीच्या राखणीला मागे राहिली होती, म्हणून मी एकटाच आलो होतो.

पहिला धक्का पार्किंगमध्ये बसला. मी सवयीने गाडीचं उजवं दार उघडून आत बसलो आणि हात पुढे केले, तर स्टिअरिंग नाही. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि स्टिअरिंग डावीकडे. जन्मभर ज्या जागी बसून गाडी हाकली, नेमक्या त्याच जागी मला पाहुणा म्हणून बसवलं होतं. वर माझ्या पायाला सवय. पुढच्या गाडीचे लाल दिवे लागले की माझा उजवा पाय खालच्या पायपुसण्यावर दाबला जायचा. मानसी दोन दिवस बघत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, बाबा, तुमचा ब्रेक छान लागतो.

हसली, पण तेवढंच. बाकी ती मिटलेली वाटत होती, आणि त्याचं कारण मला फोनवर अर्धंच कळलं होतं. मानसी डायलिसिसचं काम करते. ज्यांच्या किडन्या काम करत नाहीत त्यांना आठवड्यातून तीनदा मशीनला जोडावं लागतं, रक्त धुऊन परत शरीरात सोडतात, ते काम. तिच्या हॉस्पिटलची शाखा मदिनत झायेद नावाच्या गावात आहे, वाळवंटात, घरापासून दोन तासांवर. सकाळी सातला पहिला पेशंट खुर्चीत बसतो. गेल्या हिवाळ्यात तिथे जाताना धुक्यात तिने वेग कमी केला आणि मागून एक पिकअप येऊन आदळली. खांदा दोन महिने बांधलेला होता. त्यानंतर ती एका मैत्रिणीच्या गाडीतून जायची. ती मैत्रीण नोकरी सोडून केरळला परत गेली. आता एकटीने गाडी चालवत जायचं, नाहीतर नोकरी सोडायची. काय ते महिनाअखेरीपर्यंत कळवायचं होतं. शहरातल्या शाखेत जागा नव्हती.

अमेयरावांचं म्हणणं स्पष्ट होतं, सोडून दे. त्यात मला त्यांचा राग आला नाही. अपघाताच्या दिवशी सकाळी पोलिसांचा फोन त्यांना आला होता. मानसीचं म्हणणं मात्र काहीच नव्हतं. स्वच्छ दिवस असला की ती जाऊन यायची. धुक्याचा इशारा आला की पोटात दुखतं म्हणून सुट्टी घ्यायची. इशारा म्हणजे सगळ्यांचे मोबाइल एकाच वेळी भोंग्यासारखे ओरडतात. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी अंथरुणातून उडालोच. मानसी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होती. चेहरा पांढरा. मी मनाशी म्हटलं, धुकं माझ्या मुलीच्या पोटात दुखवणार आणि मी नुसता फणसपोळी खात बसणार, हे चालायचं नाही.

शारजा, रविवार

आधी गाडी बघितली. हेडलाइटच्या काचा पिवळट, धुरकट झाल्या होत्या. तिकडचं ऊन आणि उडती वाळू मिळून काचेला मोतीबिंदू करतात. काच म्हणायची, असतं ते प्लास्टिकच. मी म्हटलं, असल्या दिव्यांनी देवघरसुद्धा उजळायचं नाही. गावी आमच्या शेजारचा बाबल शारजाला गॅरेजमध्ये पेंटर आहे. त्याला फोन लावला. तो म्हणाला, काका, घेऊन येवा, माका सुट्टी आसा.

रविवारी मानसी मला घेऊन निघाली. अबुधाबीहून शारजाला जायचं म्हणजे शेवटच्या टप्प्यात मुंगीच्या वेगाने सरकायचं. दुबईत काम करणारी हजारो माणसं भाडं कमी म्हणून शारजात राहतात आणि रोज दोन वेळा हा रस्ता सोसतात. बाबल दहा वर्षं सोसतोय. एका खोलीत सहाजण, सगळे आपल्याकडचे, दोघे मालवणचे, एक देवगडचा. बायकापोरं गावाला. त्या दिवशी त्यांनी बांगड्याचं तिरफळ घातलेलं तिखलं केलं होतं. इतकं चांगलं तिखलं मी आमच्या घरीही खाल्लेलं नाही. हे वाक्य घरी वाचून दाखवताना मी गाळणार आहे.

जेवण झाल्यावर बाबल कामाला लागला. दिव्याच्या भोवती चिकटपट्टी लावून रंग झाकला. बारीक वॉटर पेपर पाण्यात भिजवून काच घासली. काच आणखीच दुधाळ झाली तशी मानसी घाबरली. मग आणखी बारीक कागद, मग आणखी बारीक, आणि शेवटी कंपाउंड, म्हणजे पॉलिशचा लेप, लावून यंत्राने रबिंग. अर्ध्या तासात दिवे आरशासारखे. मी जिलेटीनच्या कागदाचा विषय काढला. हे आमच्या घाटातलं शास्त्र आहे. धुक्यात पांढरा उजेड उलटून डोळ्यांवर येतो, म्हणून दिव्यांना पिवळा कागद लावायचा. जुने ड्रायव्हर सगळे लावायचे. बाबल कंपाउंड पुसता पुसता थांबला.

"काका, ह्या हय चलना नाय. दिव्यार कायएक चिकटवूक नको. काच साफ आसा, तेवढा बस."

मी हो म्हटलं. मनात म्हटलं, हा पेंटर, याने घाट कुठे चालवलाय.

मुसफ्फाच्या पुढे

बुधवारी पहाटे चारला मोबाइल ओरडले. मी कपडे करून तयारच होतो. मानसीला म्हटलं, मी येतो बरोबर, तू फक्त चालव, बाकी मी बघतो. अमेयरावांनी गरम चहा थर्मासमध्ये भरून दिला. मानसी खोलीत आवरत होती तेवढ्यात मी बॅगा ठेवायच्या निमित्ताने आधी खाली गेलो आणि दोन्ही दिव्यांवर पिवळा कागद नीट कापून, चिकटपट्टीने घट्ट बसवला. खाली पार्किंगमध्ये उजेड होता, त्यामुळे तिला कळलं नाही. आपल्याला सगळं कळतं असं ज्याला वाटतं तो माणूस किती धोक्याचा असतो, याचा मी नमुना आहे.

शहरात धुकं विरळ होतं. मुसफ्फाचे कारखाने मागे पडले आणि रस्त्याचे दिवे हळूहळू गायब झाले. आमच्या घाटातलं धुकं डोंगरावरून उतरतं, हे समुद्राकडून जमिनीला धरून येतं. वळण नाही, दरी नाही, झाड नाही. घाटात निदान पुढचं वळण पाठ असतं. इथे पाठ करायला काहीच नाही, नुसता सरळ रस्ता. वरच्या पाटीवर ऐंशीचा आकडा लागला होता. धुकं असलं की वेगाची मर्यादा तिथेच दिसते आणि सगळे ती पाळतात. मोठे ट्रक तर रस्त्यावर यायलाच मनाई. मी मानसीला म्हटलं, चारी इंडिकेटर लाव. ती म्हणाली, बाबा, चालत्या गाडीला ते लावायची इथे परवानगी नाही. मी म्हटलं, मग अप्पर नको, डिपरवर ठेव. हे तिला कळलं नाही. मग मी म्हटलं, दिवे खाली ठेव, वर नको.

"खालीच आहेत," ती म्हणाली. "बाबा, लाइट लागलेत ना नक्की? मला काही दिसत नाहीये."

मी खिडकीतून मान बाहेर काढून बघितलं. गाडी धुळीने माखलेली, त्यावर धुक्याचं पाणी, त्याचा पातळ चिखल होऊन पुढून ओघळत होता. बसच्या जुन्या दिव्यांना धग असायची, पाणी वाळून जायचं. हे नवे पांढरे दिवे थंडगार. माझा कागद भिजून फुगला होता, त्याच्या आत चिखल साचला होता, आणि उजवीकडच्या कागदाचं एक टोक सुटून फडफडत होतं. जो उजेड पडत होता तो नुसता मळका डाग होता. मला त्याच क्षणी सगळं कळलं. मी बोललो नाही. का बोललो नाही, हे मी स्वतःला अजून विचारतो. पंधरा-वीस सेकंदच असतील, पण त्या वेळात माझी मुलगी माझ्यामुळे आंधळी होऊन गाडी चालवत होती.

मग मागे निळे-लाल दिवे दिसले. पोलिसांची गाडी पुढे झाली आणि तिने आम्हाला हळूहळू पुढच्या फाट्याने आत, पेट्रोल पंपावर नेलं. हे मला तिथलं आवडलं. आपल्यासारखं भर रस्त्यात कडेला घेत नाहीत. धुक्यात तर कडेला थांबायचंच नाही, थांबायचं ते रस्ता सोडून.

पोलीस विशीतला स्थानिक पोरगा होता. आम्हाला बघून त्याने आवाज खाली आणला. टॉर्च दिव्यावर मारली आणि विचारलं, "बाबा, ये क्या है?"

मी उतरून समोर उभा राहिलो. मानसी उतरून आली, तिने वाकून तो लोंबणारा कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. पोलिसाने स्वतःच्या हाताने कागद ओरबाडून काढला, आपल्या गाडीतून टिश्यूचा डबा आणून मला दिला आणि दिवे पुसून घेईपर्यंत टॉर्च धरून उभा राहिला.

"खलास," तो म्हणाला. "नेक्स्ट टाइम मुखालफा." म्हणजे दंड. मग मानसीला म्हणाला की घाई करू नकोस, धुकं कमी झालं की निघ. आणि गेला.

मानसी गाडीत जाऊन बसली. दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. मी काच खाली करायला सांगितली. तिने खाली केली, पण माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी आजच मेल टाकते. सोडते नोकरी. मला नाही जमणार, बाबा. मी तुमच्यासारखी नाहीये."

पंपावर

मी तिथून चालायला लागलो. लाज वाटली की माणूस उगाच चालतो. पंपामागच्या मोकळ्या जागेत मनाईमुळे थांबलेले ट्रक ओळीने उभे होते. एका ट्रकच्या पायरीवर पांढऱ्या दाढीचा पठाण घोंगडी पांघरून चहा पीत बसला होता. त्याने मला बघून जागा केली. नाव गुलजमान, गाव चित्रालकडे, पाकिस्तानच्या पार वरच्या टोकाला. ट्रकात पाण्याचे पाइप. मी म्हटलं, मीही ड्रायव्हर, घाटाचा. त्याने लगेच मला उस्ताद म्हणायला सुरुवात केली आणि चहा पुढे केला. सत्तावीस वर्षांची फुशारकी एरवी मी मागितल्याशिवाय देतो. त्या दिवशी दिली नाही. पिवळ्या कागदाची गोष्ट मात्र सगळी सांगितली.

तो हसला नाही. म्हणाला, हे धुकं तर लहान मूल आहे, आमच्याकडे खिंडीत बर्फ पडतो. "पुराना बत्ती गरम होता था, बरफ खुद पिघल जाता था. नया बत्ती ठंडा है, उसपे जो बैठा, वो बैठा." त्याचा भाऊ अजून तिकडे चालवतो. नव्या दिव्यांची गाडी घेतली तेव्हापासून थोड्या थोड्या अंतरावर उतरून हाताने बर्फ खरवडतो. त्यावर दुसरा उपाय नाही. इकडे बर्फाच्या जागी चिखल. मी म्हटलं, पावसात वायपर बंद पडला की आम्ही काचेला तंबाखू चोळायचो, पाणी धरत नाही. गुलजमान उठून उभाच राहिला. तेही तेच करायचे. दोन देशांचे दोन म्हातारे तंबाखूवरून असे खूश झालो की विचारू नका. मग त्याने सहज विचारलं, घाटात भीती वाटायची का.

मी सवयीने नाही म्हटलं.

"मेरे को तो बहुत लगता था," तो म्हणाला. "मैं तो कुछ भी बहाना करके उतर जाता था."

इतक्या साधेपणाने म्हणाला, जसं चहात साखर कमी आहे म्हणावं. मी त्याचा कप परत दिला, त्याचा हात हातात घेतला आणि गाडीकडे परत आलो. यावेळी उजव्या सीटवर बसलो तेव्हा काय बोलायचं ते मला माहीत होतं, आणि ते बोलायला घाटापेक्षा जड गेलं.

"मानू, मला रोज भीती वाटायची."

तिने मान वळवली.

मी सांगत गेलो. धुकं असलं की दुसऱ्या वळणापासून माझे हात थरथरायला लागायचे. मागे पन्नास माणसं, त्यात आजारी, पोटुशा बाया. घाटात मध्ये एक रुंद जागा आहे, तिथे मी गाडी घ्यायचो. फडकं उचलून उतरायचो. आत सांगायचो, हेडलाइट पुसून घेतो. लोक म्हणायचे, काय जपून चालवतो हा ड्रायव्हर. दिवे कधी मळलेले असायचे, कधी नसायचे. हात थांबेपर्यंत मी पुसत राहायचो. मग चढून गाडी सुरू करायचो. सत्तावीस वर्षं केलं आणि कोणाला सांगितलं नाही, तुझ्या आईलाही नाही.

मानसीने मांडीखालचे हात बाहेर काढले. मग तिने विचारलं, "आणि आम्हाला भीती शब्द माहीत नाही म्हणून सांगत होतात?"

"ड्रायव्हर घाबरतो म्हटल्यावर गाडीत कोण बसलं असतं?"

ती रडली. मला वाटलं, आता माझ्यावर ओरडेल, आणि तिचा हक्कच होता. ती म्हणाली, "गेलं वर्षभर मला वाटतंय की माझ्यातच काहीतरी कमी आहे. तुमची मुलगी असून." मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच राहू दिला.

थोड्या वेळाने ती उतरली. टिश्यूचा डबा घेऊन दोन्ही दिवे, मागचे लाल दिवे आणि काच अशी सावकाश पुसली. धुकं अजून होतं, पण आता पुढची शंभरेक पावलं दिसत होती. आम्ही निघालो. रस्त्याच्या उजव्या कडेला पिवळी रेष असते, ती माझ्या खिडकीतून स्वच्छ दिसत होती. मी फक्त एवढंच बोलत होतो, रेष आहे, रेष आहे. पाहुण्याच्या सीटचाही उपयोग असतो तो असा.

मदिनत झायेद

पाऊण तास उशीर झाला. हॉस्पिटलमध्ये पहिल्या खुर्चीत एक वृद्ध अरबी बाई बसल्या होत्या, सगळे त्यांना उम्म सईद म्हणत होते. दुसऱ्या तंत्रज्ञाने सुई लावायची तयारी केली होती आणि बाईंनी हात बुरख्याखाली लपवून ठेवला होता. मानसी आत शिरताच त्यांनी अरबीत तिची चांगलीच खरडपट्टी काढली आणि मग हात पुढे केला. मानसीने त्याच हातांनी, जे दोन तासांपूर्वी मांडीखाली दाबलेले होते, एका झटक्यात सुई लावली. बाईंना कळलंही नाही. माझ्या मुलीचं काम मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. मला अभिमान वाटला आणि थोडी लाजही वाटली, की इतकी वर्षं मी तिला फक्त माझंच काम सांगत होतो.

उम्म सईद यांच्या मुलाने मला बाहेर बसवून खजूर आणि गहवा दिला. गहवा म्हणजे त्यांची कॉफी, दूध-साखर काही नाही, वेलची भरपूर. छोट्याशा कपात दोन घोट. संपवला की तो पुन्हा भरी. आपल्याकडे पुरे म्हणायचं तर कपावर हात ठेवतो. मी ठेवला, त्याने हसून बाजूने ओतला. सहाव्या कपानंतर एका नर्सने सांगितलं की नको असेल तर कप हलवून परत द्यायचा. तोपर्यंत माझी पुढच्या दोन रात्रींची झोप गेली होती.

पुन्हा अल रीम

त्यानंतर दोनदा धुकं पडलं आणि दोन्ही वेळा मी बरोबर गेलो. पायपुसण्यावरचा माझा ब्रेक कमी झाला. महिना संपायला तीन दिवस उरले तेव्हा पुन्हा मोबाइल ओरडले. मी बूट घालत होतो. मानसी म्हणाली, "बाबा, आज तुम्ही झोपा." गाडीत तिने एक जुनं सुती फडकं ठेवलं होतं, हे मला दिसलं. मी बूट काढले.

ती गेल्यावर अमेयराव सोफ्यावर मोबाइल घेऊन बसले. त्यात नकाशावर एक निळा ठिपका सरकतो, तो म्हणजे मानसी. मी शेजारी बसलो. मुसफ्फा आलं, गेलं. ठिपका हळू पण सारखा चालत होता. मग वाटेतल्या तरीफ गावाच्या अलीकडे तो थांबला.

अमेयराव उठले. एक मिनिट झालं, दोन झाली. ते फोन लावायला लागले तेव्हा मी त्यांचा हात धरला. म्हटलं, रस्त्यावर नाही, पंपावर आहे, बघा. ते म्हणाले, पण का थांबली असेल, बाबा? मी म्हटलं, थोडा वेळ थांबा, मग लावू. इतका वेळ मी कधी कोणाचा हात धरून बसलो नव्हतो. इरा उठून आली आणि आम्हा दोघांना तसं बघून इंग्रजीत काहीतरी विचारून परत झोपायला गेली. नऊ मिनिटांनी ठिपका हलला. अमेयराव खाली बसले आणि त्यांनी चष्मा काढून पुसला.

संध्याकाळी मानसी आली. चप्पल काढता काढताच अमेयरावांना म्हणाली की ऑफिसला कळवून आले, नोकरीत राहतेय म्हणून. ते मान हलवून चहा टाकायला गेले. मग मी तिला विचारलं, तरीफच्या पंपावर कशाला थांबलीस.

"दिवे पुसत होते," ती म्हणाली.

"फार मळले होते?"

तिने पर्स खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं.

"नाही, बाबा. अगदी स्वच्छ होते."